दुसरी सही

टेकचंद गेल्याची बातमी आली तेव्हा मी नागपूरला मुलीच्या बाल्कनीत काळा चष्मा लावून बसलो होतो. मोतीबिंदूसाठी गेलो होतो. एका डोळ्याचं ऑपरेशन करायचं आणि आठ दिवसांत गोंदियाकडच्या आमच्या गोरेगावला परतायचं, असं ठरलं होतं. पण मुलगी म्हणाली, "बाबा, आलाच आहात तर दुसराही उरकून घ्या," आणि आठाचे बावीस दिवस झाले. सकाळची वेळ होती, खाली भाजीवाला ओरडत होता. फोनवर टेकचंदचा पुतण्या राजेश होता. "काका, टेकूकाका नाई राहिले," तो म्हणाला. "आता दूध द्याले गेलो तं खुर्चीतच..." डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेवढं एक पथ्य मी पाळू शकलो नाही. मिळेल त्या गाडीने गोंदियाला उतरलो, एसटी धरली, आणि गोरेगावला पोहोचलो तेव्हा लोक स्मशानातून परतून हातपाय धूत होते.

त्याला आता दीड महिना झाला. मी काही लेखक नाही. उभी नोकरी पोस्टात काढली, शिक्के मारले, सह्या केल्या. त्यांतलं किती वाचून केलं, असं कुणी विचारू नये. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे ते सांगावंच लागणार आहे.

टेकचंद आणि मी गोरेगावच्या शाळेत एका बाकावर बसलो. दोघांच्याही घरी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं; दोघांचेही वडील चिखलातले. पण रोवणीच्या दिवसांत सगळं गाव खाली वाकलेलं असताना हा पोरगा मान वर करून घारी बघायचा, आणि त्यापायी बोलणी खायचा. कोणत्याही गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारायची त्याची खोडही तेव्हापासूनची. बैलगाडी असो, एसटी असो, हा आधी चाकं, आख, दोर सगळं बघून यायचा आणि मगच चढायचा. कंडक्टर चिडायचे. मी लाजेने आधीच आत जाऊन बसायचो. पुढे तो नागपूरला इंजिनीअर झाला आणि तिथून बंगळूरला गेला, जिथे सरकारी संस्थेत विमानं आखतात. मी दहावी जेमतेम काढून पोस्टात चिकटलो. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, विमान उडू दे, मग बघू. माझी मुलगी कॉलेजात गेली तरी त्याचं उत्तर तेच होतं.

त्याची सोळा वर्षं एका विमानात गेली आणि ते विमान उडालं नाही. लढाऊ वगैरे नव्हतं ते. पंधरा-वीस माणसं बसतील एवढं, छोट्या धावपट्टीवर उतरणारं, आमच्यासारख्या आडबाजूच्या जिल्ह्यांसाठीचं साधं प्रवासी विमान. त्यासाठी आपल्या सरकारने युरोपातल्या एका छोट्या देशाच्या सरकारशी करार केला होता. निम्मा निधी आपला, निम्मा त्यांचा. पंख त्यांनी आखायचे, मधला सांगाडा आणि शेपूट आपण. टेकचंद शेपटीवर होता. सुट्टीत आला की मी त्याला छेडायचो, "काऊन रे टेक्या, एवढा शिकला आन् शेपटीवरच राहिला का?" तो अगदी गंभीरपणे सांगायचा, "शेपूट नसन तं विमान नाक खाली घालते, दामू." माझ्या थट्टेचा त्याच्यावर आयुष्यात कधी काही परिणाम झाला नाही.

या करारात एक नियम होता आणि टेकचंदचा सगळा जीव त्या नियमात होता. प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात दोन चौकटी असायच्या. पहिलीत आखणाऱ्याची सही, दुसरीत तपासणाऱ्याची. आपलं काम त्यांनी तपासायचं, त्यांचं आपण. दोन सह्या झाल्याशिवाय कारखान्यात एक बोल्टसुद्धा कापायचा नाही. त्याच्या ड्रॉइंगवर दुसरी सही करायचा तो पावेल नावाचा माणूस. पहिल्याच वर्षी पावेलने त्याचं एक ड्रॉइंग सही न करता परत पाठवलं. आकडे सगळे बरोबर होते. टेकचंद भडकला. पुढच्या बैठकीला तो तिकडे गेला तर पावेलने पुठ्ठ्याचा एक खोका तयार ठेवला होता, अगदी शेपटीच्या आतल्या पोकळीच्या मापाचा. त्याने खोक्याला पाडलेल्या भोकातून टेकचंदला हात आत घालायला लावला आणि बोटांत पाना दिला. पाना फिरेना. जो बोल्ट टेकचंदने कागदावर इतका नेमका बसवला होता, तो आवळायला मेकॅनिकचा हात तिथे पोहोचलाच नसता.

"मले वाटलं होतं, मी चुकूच शकत नाई," हे सांगताना टेकचंद हसायचा. "आपलं काम आपल्याले दिसत नाई, दामू. आपन काय कराचं होतं तेवढंच दिसते. काय केलं, ते दुसऱ्यालेच दिसते." त्या दिवशी दोघं जेवायला बरोबर गेले आणि तिथून मैत्री झाली. पावेलला एकदा नागझिऱ्याचं जंगल दाखवायचं, असं टेकचंदच्या मनात फार होतं. पावेलला अस्वलांची भीती वाटते, असं तो मला कौतुकाने सांगायचा.

पहिल्या टप्प्याचा निधी संपला आणि दुसऱ्या टप्प्याची मंजुरी यायची वेळ झाली, तेव्हा तिकडचं सरकार बदललं. नवे लोक म्हणाले, भारताने आधी आपला वाटा सोडावा, मग आम्ही सोडू. इकडची आढावा समिती म्हणाली, त्यांनी आधी. टेकचंदला दिल्लीला बोलावलं होतं, बाजू मांडायला. तो शेपटीचा छोटा लाकडी नमुना कापडात गुंडाळून घेऊन गेला. तिथल्या साहेबांनी नमुना हातातही घेतला नाही. विचारलं, "ये प्लेन अपना है या उनका?" टेकचंद म्हणाला, "दोनों का, सर." साहेब म्हणाले, "दोनों का मतलब किसी का नहीं." एवढ्यावर बैठक संपली. मला वाटतं, हे वाक्य टेकचंदला जन्मभर पुरलं. साहेबही काही वाईट माणूस नसावा, असंच तो म्हणायचा. त्याच्या टेबलावर आणखी चाळीस फायली असतील... पण नमुना निदान हातात घ्यायचा होता.

ते काम कुणी रद्द केलं नाही आणि कुणी पुढेही नेलं नाही. तसं पत्रच निघालं नाही. हळूहळू माणसांच्या बदल्या होत गेल्या, कुणी दुसऱ्या प्रकल्पावर गेलं, कुणी परदेशात, आणि एके दिवशी त्या मोठ्या खोलीत टेकचंद आणि लाकडी शेपूट एवढेच उरले. शेवटचं ड्रॉइंग त्याने तरीही पूर्ण केलं, शेपूट सांगाड्याला जोडणाऱ्या सांध्याचं. पहिल्या चौकटीत सही केली आणि पावेलला पाठवलं. उत्तर आलं नाही. मग त्याने मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि गोरेगावला परत आला. गावाबाहेर, बांध्यांच्या कडेला दोन खोल्यांचं घर बांधलं. शेती राजेश बघायचा, सकाळचं दूधही त्याच्याच घरून यायचं.

तेव्हा मी अजून नोकरीत होतो. आल्यावर महिनाभरात टेकचंद पुठ्ठ्याचं एक लांब नळकांडं घेऊन माझ्या पोस्टाच्या खिडकीशी आला. आत त्याच सांध्याच्या ड्रॉइंगची प्रत होती. पत्ता पावेलच्या घरचा, नववर्षाच्या जुन्या शुभेच्छापत्रावरून उतरवलेला. "आता कोन पाहाले बसला तुयं विमान?" मी म्हणालो. तो म्हणाला, "विमान नाई. पन सांधा बरोबर आहे का नाई, ते तं समजन." नळकांड्यावर शिक्का मी स्वतः मारला. त्यानंतर तो रोज खिडकीशी यायचा. तोंडाने काही विचारायचा नाही, नुसता उभा राहायचा. मीही नुसती मान हलवायचो. पाच महिन्यांनी ते नळकांडं जसंच्या तसं परत आलं. वर तिकडच्या पोस्टाची चिठ्ठी होती, घेणारा या पत्त्यावर नाही. मी ते खिडकीतून दिलं नाही. ड्युटी संपल्यावर घरी नेऊन दिलं. टेकचंदने ते दोन्ही हातांनी घेतलं, चिठ्ठी वाचली आणि न उघडताच कपाटावर ठेवलं. मग चहा केला. त्या संध्याकाळी आम्ही जे काही बोललो ते सगळं धानाच्या भावाबद्दल बोललो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा निरोप आला, ये म्हणून. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला एक लांब वही टांगलेली होती, शाळेत हजेरीची असते तशी. तिला दोरीने पेन बांधलेला. आत पट्टीने रेघा मारून रकाने केले होते. तारीख, काम, करणारा, तपासणारा. पहिली ओळ होती, 'विहिरीच्या मोटरची वायर बदलली.' करणाऱ्याच्या रकान्यात 'टे' अशी त्याची छोटी सही. मला विहिरीपाशी नेऊन त्याने वायर दाखवली, बटण दाबायला लावलं, आणि मग पेन माझ्या हातात दिला. मी हसलो. तो हसला नाही. पावेलच्या जागी त्याने मला बसवलं होतं... आणि मी तर पोस्टातला माणूस.

तेव्हापासून जवळजवळ रोज संध्याकाळी मी त्याच्याकडे जाऊ लागलो. खिडकीची बिजागरी, गॅसची नळी, सायकलचा ब्रेक, पाण्याच्या टाकीचं झाकण. गावात चेष्टा व्हायची. चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारायचं, "काय पोस्टमास्तर, आज इमान पास केलं का फेल?" वर्षं गेली, मी निवृत्त झालो, वही भरली की दुसरी यायची. कामं मात्र बारीक बारीक होत गेली. एकदा नोंद होती, 'माठ धुतला.' मी घरी येऊन बायकोला सांगितलं आणि पोट धरून हसलो. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "ते काम दाखवाले बोलावून नाई राहिले. तुमाले बोलावून राहिले." मी हसायचा थांबलो. पण त्यावर पुढे काही विचार केला, असं म्हणणं खोटं होईल.

अधूनमधून तो मला स्कूटरवर मागे बसवून गोंदियाजवळच्या बिरसीच्या विमानतळाकडे न्यायचा. अर्थात आधी स्कूटरभोवती एक फेरी. कुंपणाबाहेर झाडाखाली उभं राहून आम्ही शिकाऊ मुलांची छोटी विमानं उतरताना बघायचो. त्याचे डोळे नेहमी शेपटीवर. एकदा म्हणाला, "एवढ्या पट्टीवर आपलं आरामात उतरलं असतं." आपलं म्हणताना त्याने कोणाकोणाला धरलं होतं, कुणास ठाऊक. बहुतेक पावेललाही.

आता ती शिडीची गोष्ट. लाकडी शिडीची एक पायरी निसटली होती, ती त्याने नव्या तारेने बांधली. मला घाई होती, घरी पाहुणे आले होते. मी आत गेलो, वहीत सही केली, शिडीकडे न बघताच निघालो. पोस्टातली सवय. दुसऱ्या दिवशी राजेश कौलं शाकारायला चढला आणि तीच पायरी सुटली. उंचावरून पडला नाही हे नशीब, पण पाय मुरगळून पंधरा दिवस घरी बसला. तार बांधताना टेकचंदची गाठ चुकीच्या बाजूला बसली होती. हाताने ओढली असती तर कुणालाही कळलं असतं. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा वाटलं, माझ्यावर ओरडेल. तो वही मांडीवर घेऊन बसला होता. म्हणाला, "गाठ मीच चुकवली. पन तू सही काऊन केली?" मी म्हणालो, तू केलंस म्हणजे बरोबरच असणार. त्याचा चेहरा असा पडला की मला माझीच लाज वाटली. "माया भरोशावर सही करत असशीन तं मंग मी एकटाच आहो ना," तो म्हणाला. "टाइम नसन तं कोरी सोडजो. कोरी चालते. खोटी नको करू." आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. माणूस साधा, पण त्याचा अबोला फार जड होता. त्यानंतर मी प्रत्येक काम हात लावून बघू लागलो. खरं सांगतो, मोतीबिंदूने दिसेनासं झालं तेव्हाही बोटांनी चाचपून बघायचो. डोळ्याचं ऑपरेशन लांबवत होतो तो मीच. त्याच्या आग्रहामुळे गेलो.

निघालो त्या दिवशी तो एसटीपर्यंत पोहोचवायला आला. बस लागल्यावर नेहमीप्रमाणे तिच्याभोवती फेरी मारून आला आणि खिडकीशी उभा राहून म्हणाला, "मागचा टायर घासला आहे, पन जाईन." मी म्हणालो, आठ दिवसांत येतो. तो म्हणाला, "चांगला पाहून येजो. तवरिक काम साचवून ठेवतो." नागपूरहून दोनदा फोन केला. फोनवर त्याला बोलता यायचं नाही, हं हं करून ठेवून द्यायचा. दुसऱ्या डोळ्याचं सांगितलं तेव्हा "बरं" म्हणाला. एवढंच.

तेरवी झाल्यावर राजेशने मला घराची किल्ली दिली. "काका, कागदं कोनते ठेवाचे ते तुमीच पाहा. आमाले त्यातलं काई समजत नाई." घरात गेलो तर कपाटावर नळकांडं होतं, आणि खिळ्याला वही. नव्या डोळ्यांनी पहिली गोष्ट मी नीट वाचली ती ही वही. शेवटच्या पानावर सतरा ओळी होत्या, सगळ्या मी नागपूरला असतानाच्या. सतराही ओळींत 'टे', आणि समोरचा रकाना सतराही वेळा कोरा. सायकलची साखळी बसवली. मागच्या दाराची कडी सरळ केली. दिव्याची वात बदलली. कपाटावरची धूळ पुसली, नळकांडं उचलून परत ठेवलं. आणि सगळ्यांत खाली, तशाच बारीक सरळ अक्षरांत, 'सायंकाळपासून छातीत जळजळ, डावा हात जड. पित्त असावं. सोडा घेतला.' त्या ओळीपुढेही 'टे' अशी त्याची सही होती.

मी खाली बसलो. आपलं काम आपल्याला दिसत नाही, हे आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या दुखण्याचं निदान एकट्यानेच लिहिलं आणि दुसऱ्या सहीसाठी जागा सोडून खुर्चीत बसून राहिला. राजेशचं घर हाकेच्या अंतरावर आहे. त्याने हाक मारली नाही. तपासणारा ठरलेला होता, आणि तो नागपूरला काळा चष्मा लावून बसला होता. लोक मला म्हणतात, तुम्ही असता तर दवाखान्यात नेलं असतं. मला ते इतकं खात्रीने म्हणता येत नाही. मी असतो तर त्याचा हात धरून बघितला असता, की "पित्तच आहे रे" म्हणून सही केली असती, हे मला आजही माहीत नाही. मला त्याची फार आठवण येते, आणि त्या आठवणीत हा प्रश्न मिसळलेला आहे. तो वेगळा काढता येत नाही.

अजूनही संध्याकाळी माझे पाय तिकडेच वळतात. बायको टॉर्च हातात देते. तिथे मी वहीतली एकेक ओळ तपासायला घेतली. साखळी फिरवून बघितली, कडी तीनदा लावून काढली, दिवा पेटवला, कपाटावर बोट फिरवलं. जे बरोबर होतं त्यापुढे सही केली. तसं सगळंच बरोबर होतं. सोळा सह्या झाल्या. सतरावी चौकट कोरी आहे आणि ती मी कोरीच ठेवणार आहे. वही परत खिळ्याला अडकवतो, बाहेर येतो, कुलूप लावतो आणि ओढून बघतो. लागलेलं असतं. तरी जरा वेळ किल्ली हातात धरून तिथेच उभा राहतो... दुसऱ्या कुणीतरी एकदा ओढून बघायला हवं असतं.